गाढव नको, डाँकी चालेल

जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी लेकराला ‘गाढवा’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी बाप मोटारसायकलवर दोन साक्षीदार बसवून शाळेत हजर होतो. तेच लेकरू टाय लावून शहरातल्या इंग्रजी शाळेत गेलं आणि मॅडमनी त्याला ‘यू डाँकी’ म्हटलं, की तोच बाप संध्याकाळी पाहुण्यांना कौतुकानं सांगतो : शिस्त लई कडक आहे बरं का, अन् बोलणं सगळं इंग्रजीत. प्राणी तोच, कान तेवढेच लांब, लाथही त्याच बाजूनं. बीडच्या जालना रोडला, नगर रोडला, बार्शी रोडला हा पालक भेटतोच, त्यामुळे त्याची जास्त ओळख करून द्यायची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की डाँकीत असं काय आहे, जे गाढवात नाही?

खानदान म्हणावं तर तेही नाही. ज्या मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईला आहे, त्यांचा विवेकसिंधु शके 1110 चा, म्हणजे 1188 सालचा. इंग्रजीत ‘डाँकी’ हा शब्द छापील सापडू लागतो तो 1785 च्या सुमारास, आणि तोही रस्त्यावरच्या हलक्या बोलीच्या कोशात. म्हणजे मराठीनं विवेकावर ग्रंथ लिहून सहाशे वर्षं झाली, तेव्हा कुठे इंग्रजांना गाढवासाठी हा शब्द मिळाला. तोवर बिचारे ‘अ‍ॅस’वर भागवत होते. मराठी गाढवाचं घराणं मात्र थेट राजदरबारातलं. शिलाहार-यादवांच्या काळात जमीन दान दिली की दानलेखाच्या शिळेवर, जो हे दान मोडील त्याच्या आईचा उद्धार करणारी गाढवाची एक शिवी कोरत. वाचता न येणाऱ्यांची अडचण नको म्हणून तिचं चित्रही काढत. गधेगाळ म्हणतात तिला. वर्तमानपत्रात छापण्याजोगी ती नाही, पण कोणासाठी होती ते पाहा. गाढव त्या काळी पाढे न येणाऱ्या पोरासाठी राखलेलं नव्हतं, दुसऱ्याची जमीन हडपणाऱ्या बलदंडासाठी होतं. आज सातबारा ऑनलाइन आहे, फेरफार रातोरात होतो, देवाच्या इनामी जमिनीवर प्लॉट पडतात आणि त्या प्लॉटवर कमान उभी राहते. देव उताऱ्यावरून कधी उतरला ते पुजाऱ्यालाही कळत नाही. यादवांचा कारकून अशा वेळी सरळ गाढव कोरून मोकळा झाला असता. आपल्या तलाठ्याच्या संगणकात बोजा चढवायची सोय आहे, गाढव चढवायची नाही. ई-गव्हर्नन्समध्ये राहून गेलेली ही एक त्रुटी आहे, आणि आमच्या मते ती सगळ्यात मोठी आहे.

यावर सुशिक्षित पालकाचा आक्षेप ठरलेला : इंग्रजी शब्द कानाला सौम्य लागतो, त्यात गावंढळपणा नसतो. बरं, मग ‘इडियट’चा सौम्यपणा तपासू. 1905 साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या दोघांनी शाळेत मागं पडणारी मुलं ओळखण्यासाठी एक चाचणी बसवली. हेतू चांगला होता. पुढे मात्र अशा चाचण्यांच्या आधारानं माणसांची उतरंड लागली. सगळ्यात खाली इडियट, त्यावर इंबेसाइल, आणि वरच्या पायरीला नाव नव्हतं म्हणून 1910 साली गोडार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ‘मोरॉन’ हा कोराकरकरीत शब्द घडवला. या उतरंडीत इडियटची अक्कल दोन-अडीच वर्षांच्या लेकराएवढी. म्हणजे मॅडम तिसरीतल्या मुलाला इडियट म्हणतात तेव्हा शास्त्राप्रमाणे तो नर्सरीतही बसण्याच्या लायकीचा नाही, पण फी तिसरीची घेतात. फरकाची रक्कम परत मागायला एकही पालक जात नाही. कायद्यानंही हा शब्द बराच काळ सांभाळला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अट होती की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणी ‘इडियट’ किंवा ‘लुनॅटिक’ असू नये. 1976 साली दुरुस्ती होऊन ते शब्द गेले. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 6 मध्ये, इंग्रजी मजकुरात, इडियट आजही ठाण मांडून आहे. अज्ञान मुलाप्रमाणे त्यालाही दावा लावायला जादा मुदत मिळते. बांधाच्या भांडणात तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांनी या सवलतीकडे ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही. कोर्टात फुकट मिळतंय तर इडियट व्हायला लाज वाटते, शाळेत मात्र त्याचे हप्ते भरायचे.

आता काही शाळांच्या माहितीपत्रकात फ्रेंचही झळकू लागलं आहे. स्वागत आहे. लेकरांना निदान वेगळ्या चवीच्या शिव्या मिळतील. फ्रेंच माणूस एखाद्याला ‘आपल्या पायांइतका मूर्ख’ म्हणतो. तो कधी पंढरीच्या वारीत चालला नसावा, नाहीतर पायांना मूर्ख म्हणण्याआधी त्यानं डोकं तपासून घेतलं असतं. ‘गवत खाईल इतका मूर्ख’ असाही त्यांचा एक वाक्प्रचार आहे. बीडमध्ये त्याला अर्थ राहत नाही. दुष्काळातल्या चारा छावण्यांमधलं गवत नेमकं कोणी खाल्लं याच्या चौकश्यांत बैल कुठेच दोषी सापडत नाहीत, आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांना मूर्ख म्हणण्याची कोणाची छाती नाही. गाढव मात्र तिकडेही सुटलेलं नाही. फ्रान्सच्या जुन्या शाळांत मागं पडलेल्या पोराच्या डोक्यावर गाढवाच्या कानांची टोपी चढवून त्याला कोपऱ्यात उभं करत. इंग्रजांच्या शाळेत टोकदार कागदी टोपी असे, तिचं नाव ‘डन्स’ची टोपी. हा डन्स म्हणजे 1308 साली वारलेला डन्स स्कोटस, आपल्या काळातला अत्यंत सूक्ष्म बुद्धीचा तत्त्वज्ञ. त्याच्या अनुयायांची पुढे टिंगल झाली आणि विद्वानाचं नाव मठ्ठ पोराला चिकटलं. फ्रेंच ‘क्रेतँ’ची कथा तर याहून वाईट. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीन कमी पडून गलगंड झालेल्या, वाढ खुंटलेल्या माणसांसाठी तो शब्द होता आणि मुळात त्याचा अर्थ ‘ख्रिश्चन’, म्हणजे हाही आपल्यासारखा माणूसच, असा होता. माणुसकीनं दिलेल्या नावाची शिवी झाली, आणि मिठात आयोडीन घालायला पुढे कित्येक पिढ्या लागल्या. पोराला टोपी, रोग्याला शिवी. दोन्हीकडे मूर्ख शोधायचा तो खालच्याच पायरीवर.

मराठीचं माप वेगळं आहे, आणि आमचा खरा मुद्दा तो आहे. शहाणपणाचं माप एक धरलं तर त्यांच्या चाचणीला मूर्ख शून्याजवळ सापडतो, मराठीला तो दीडवर सापडतो. दीडशहाणा हा शब्द ज्या भाषेत आहे तिला मूर्ख शोधायला मागच्या बाकापर्यंत जावं लागत नाही, व्यासपीठावरच काम भागतं. शेजारच्या जालना जिल्ह्यात जांबेला जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगण्यासाठी एक समास दिला आणि पढतमूर्खासाठी वेगळा दुसरा. शिकलेला मूर्ख हा स्वतंत्र वर्ग आहे, त्याला स्वतंत्र जागा लागते, हे त्यांना सतराव्या शतकात कळलं होतं. केज तालुक्यातल्या विडा गावानं तर याचं प्रात्यक्षिकच बसवलं आहे. काही पिढ्यांपासून धुळवडीला तिथे गावच्या एका जावयाची गाढवावरून वाजतगाजत मिरवणूक निघते. जावई आधी दोन-चार दिवस लपतात, गाव पाळत ठेवून एकाला पकडतं, आणि मिरवणूक झाली की त्याला नवे कपडे अन् सोन्याची अंगठी देतं. यावर आक्षेप येतो की हा अपमान आहे, मागासपणा आहे. तुलना करून पाहा. जुन्या फ्रान्समध्येही नवऱ्याला गाढवावर बसवत, उलटं, शेपटी हातात देऊन. गुन्हा काय, तर बायकोनं त्याला मारलं. म्हणजे आधीच मार खाल्लेल्यावर गावानं पुन्हा हात धुऊन घ्यायचे. विड्याचं गाढव मार खाल्लेल्याकडे जात नाही. वर्षभर ज्याच्या ताटात पहिली पुरणपोळी पडते, ज्याच्यासमोर सासरा घसा खाकरून बोलतो, त्या एकमेव माणसाकडे ते जातं, आणि उतरताना अंगठी देतं. विवाह कायद्यानं अट घातली होती लग्नाआधी, विडा गाव तपासणी करतं लग्नानंतर. आमच्या मते तीच वेळ योग्य आहे.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. मराठीतही पोरांना घालायची टोपी आहेच, फक्त ती एका अक्षराची आहे : ढ. त्याचं एक स्पष्टीकरण मजेनं सांगितलं जातं. अशोकाच्या ब्राह्मी लिपीतली बाकीची अक्षरं बदलत बदलत आजच्या रूपाला आली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणारा तो ढ. छान आहे. पण बीड जिल्ह्यात हे अक्षर कोणाच्या कपाळी मारलं जातं? मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. पोर मागं ठेवायला घरी कोणी नसतं, म्हणून ते बैलगाडीत किंवा ट्रकच्या हौद्यात चढतं, फडावर वाढ्यांच्या मोळ्या बांधतं, कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतं. होळीच्या पुढेमागे गावी परततं तेव्हा वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकांत पोचलेला असतो. आणि आपण, घरात बसून चहात साखर ढवळणारे लोक, त्या लेकराला ढ म्हणतो. साखर कोणाच्या हातची आहे हे माहीत असून म्हणतो! हंगामी वसतिगृहाचा कागद कुठल्या टेबलावर अडला ते विचारत नाही, पटावर हजेरी कशी लागली ते विचारत नाही, लेकराला पाढे विचारतो. वर्षानुवर्षं न बदलणारा जर ढ, तर ऊस कारखान्यांच्या गळीत हंगामावर आणि शाळा जूनवर चालवणारं आपलं वेळापत्रक अस्सल ढ आहे. ते पोर तर एका वर्षात दोन जिल्हे, तीन फड आणि एक नवी भाषा शिकून आलेलं असतं.

तेव्हा गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल तर दिवाळीआधीच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी विचारा : यंदा फडावर जाणारी मुलं किती, आणि त्यांच्यासाठी वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार. उत्तर मराठीतच मागा. मिळालं नाही, तर यादवांची ती शिळा मोकळीच आहे.