कॉलनीतले कानसेन

सिडकोतल्या प्रत्येक कॉलनीत एक कानसेन असतात. नोकरी वाळूजच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये झालेली. मायक्रॉनची चूक धरण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर समोर पार्ट येईनासे झाले, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांचे स्पीकर धरले.

कोणाकडे नवा टीव्ही आला की स्पीकरचा विषय निघतो आणि कानसेनांना बोलावणं जातं. नाही गेलं तरी ते येतात. आल्यावर बसत नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहून खणखणीत टाळी वाजवतात. आरती सुरू झाली असं समजून आजी हात जोडतात.

"ऐकलं? खाली टाइल्स, उघड्या भिंती, वर पीओपी. वेरूळच्या दहा नंबरच्या लेणीत आवाज असाच घुमतो. तिथं मंत्राला ते शोभतं. इथं सिरियलमधली सासू काय बोलली ते कळायचं नाही."

"ते कळायला आवाज लागत नाही," स्वयंपाकघरातून उत्तर येतं.

मालक भीतभीत विचारतात, "किती वॅटचे घेऊ?" यावर कानसेन डोळे मिटतात. "वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. दुकानात विचारा, एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल? ८९वाला स्पीकर ८६वाल्याच्या निम्म्या वॅटात तेवढाच वाजतो." हाच प्रश्न विचारल्यावर दुकानदार म्हणतो, "साहेब, याच्यावर अख्खी गल्ली नाचते," आणि चहा मागवतो.

मग स्पीकरवाले अमर बोस निघतात. १९६८ साली आलेला त्यांचा ९०१, एका खोक्यात नऊ स्पीकर, त्यांतले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून! मालक खूश होऊन म्हणतात, "मग आमचेही भिंतीकडे फिरवून ठेवू का?" कानसेन पाणी मागतात.

पाणी पिऊन ते खरा सल्ला देतात. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपऱ्यात बेस फुगतो. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा. खिडकीला जाड पडदा, खाली जाड सतरंजी. "खर्च शून्य!"

इथंच घात होतो. त्रिकोणाच्या एका टोकाला दिवाण असतो, दुसऱ्या टोकाला नळाचा नेम नाही म्हणून भरून ठेवलेलं पिंप. शिवाय ज्याला पैसे लागत नाहीत तो इलाज कसला? मालक हजार वॅट लिहिलेला खोका आणतात, सुताराने केलेल्या शोकेसमध्ये ठोकून बसवतात आणि धूळ नको म्हणून वरून हिमरूची शाल पांघरतात. आठवड्याने तक्रार येते, "काका, बेस घुमायलाय अन् शब्द कळेना." कानसेन शालीकडे बोट दाखवतात. "शब्द तिथं अडकलेत."

पण इतकी वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस किती दिवस हरणार? हल्ली ते सतरंजी म्हणतच नाहीत, 'अकूस्टिक ट्रीटमेंट' म्हणतात. आकडा वीस हजारांचा सांगतात. मालकांच्या चेहऱ्यावर आदर उमटला की हळूच म्हणतात, "ऑर्डर द्यायची घाई नको. आधी ट्रायलला घरातलीच सतरंजी टाकून बघा."

कॉलनीत सध्या बऱ्याच ट्रायली चालू आहेत. ऑर्डर अजून कोणी दिलेली नाही.