सोळा ऑगस्टला शाळेत काय सांगता?

९ ऑगस्ट आला की भाषणं थेट मुंबई गाठतात. गवालिया टँक, ‘करा किंवा मरा’, पहाटेची अटक, झाला क्रांतिदिन! कामरगावच्या पोराला वाटतं, बेचाळीसचा उठाव म्हणजे मुंबईची गोष्ट. गुरुजी, मॅडम, ती आपल्या विदर्भाचीही गोष्ट आहे आणि तिची तारीख १६ ऑगस्ट १९४२ आहे.

त्या दिवशी नागपंचमी होती. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं चिमूर रस्त्यावर आलं. गोळीबारात कोवळा बालाजी रायपूरकर गेला. जमावानेही अधिकारी आणि पोलीस मारले. हे लपवायचं कारण नाही. त्याच दिवशी आष्टीला पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्यांवर गोळ्या झाडल्या. डॉ. गोविंद मालपे पडले, रशीद खान पडले.

आपली भाषणं फार तर इथवर येतात. पुढचं कोणी बोलतच नाही. चिमुरात फौज उतरली, पुरुषांची धरपकड झाली आणि घरात उरलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्या बायका गप्प बसल्या नाहीत, आपल्यावर काय गुदरलं ते त्यांनी सांगितलं. सरकारने चौकशी नाकारली, वर बातम्यांवर बंदी घातली. तेव्हा सेवाग्रामचे प्रा. भन्साळी दिल्लीला गेले. वऱ्हाडचेच बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांच्याच घरी जाऊन भन्साळींनी चौकशीसाठी उपास मांडला. तिथून पोलिसांनी हलवलं, तरी माणूस हटला नाही. पुढे ६३ दिवसांचा उपास झाला, तो १२ जानेवारी १९४३ ला सुटला. बातम्यांवरची बंदी उठली. फाशीच्या शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या लोकांसाठी अनसूयाबाई काळे झगडत राहिल्या, आणि त्यांचे जीव वाचले.

यातलं किती आठवीच्या मुलीला माहीत आहे? तिला झेपणार नाही, असं म्हणू नका. सांगायला आपल्यालाच संकोच वाटतो. पंधराला झेंडा होतो, लाडू वाटले जातात, सोळाला नेहमीचे तास सुरू. त्यातला एक तास चिमूरला द्या. शूर पुरुषांच्या यादीवर थांबू नका, तोंड उघडणाऱ्या बायकांपर्यंत जा.

गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनाही हेच सांगणं आहे. प्रार्थनेआधी चिमूरबद्दल चार वाक्यं बोला. महाराजांना याच आंदोलनात २८ ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली होती. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग त्यांनी भोगला.