इथेनॉल प्रकल्प कुठे काढावा? होतकरू चेअरमनसाठी प्राथमिक धडे

सर्वांत आधी कोनशिला तयार करून घ्या. जागा नंतरही बघता येते. मंत्र्यांचं नाव मात्र वेळेत कोरावं लागतं, कारण खाती बदलतात.

आता जागा. सासुरवाडीला माळरान स्वस्त मिळतंय, एवढं कारण पुरत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही की उतारा घसरतो, आणि जिच्यापासून इथेनॉल होतं ती मळी टनामागे निघते जेमतेम 40-45 किलो. त्यामुळे उसामागे कारखाना आणि कारखान्यामागे डिस्टिलरी, अशी वरात निघते. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर लागतं, तेव्हा पोटभर ऊस असलेला तालुका बहुधा आधीच कुणाच्या तरी ताब्यात असतो.

मका परवडला. तो पोत्यात पडून राहतो, ट्रकने कुठूनही येतो, टनाला 380 लिटरच्या आसपास इथेनॉल देतो. फक्त भाव वाढले की कोंबडीवाले शिव्या घालतात.

मालाला गिऱ्हाईक तेल कंपन्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून ते पेट्रोलच्या पाइपलाइनमधून न जाता टँकरने जातं. पाकणी, पानेवाडीसारखा डेपो जितका जवळ, तितकं भाडं कमी.

दिल्ली कितीही लांब असली तरी हिशेबात धरा. 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गळितात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवडाभरात ती मर्यादेसह सैल झाली. तोवर कर्जाचं व्याज काही थांबलं नव्हतं. म्हणून आराखड्यात मक्याच्या गोदामाला जागा सोडा.

खरी गोम स्पेंटवॉशची. मळीपासून एक लिटर स्पिरिट काढलं की आठ ते पंधरा लिटर काळपट, आंबूस पाणी मागे उरतं. नियम सांगतो, थेंबही बाहेर सोडायचा नाही. आटवा, बॉयलरमध्ये जाळा. कागदावर सगळेच जाळतात. प्रत्यक्षात कुठेतरी रात्री ओढ्याला फेस येतो आणि खालच्या वस्तीत विहिरीचा पोहरा कोरा चहा घेऊन वर येतो. अशा वेळी वाऱ्याची दिशा बघून जागा निवडण्याचा मोह होतो: बंगला वरच्या अंगाला, वस्ती खालच्या.

तो मोह आवरा. भूमिपूजनाआधी आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून घ्या, आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. ती द्यायची भीती वाटत असेल, तर जागा बदला.