खोटं कोण बोलतंय?

शिकागो

तीर्थरूप नानांस व सौ. आईस,


दादाचा क्रेडिट स्कोअर त्याच्या मोबाइलवर ७६२ आणि बँकेतल्या साहेबाच्या संगणकावर ७२८, म्हणजे मधले ३४ गुण साहेबाने खाल्ले, हा तुमचा निकाल फोनवर ऐकला. नाना, साहेबाला सोडा. पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवायला कर्ज द्यावं म्हणून तो बसलाय. गुण खाऊन त्याला काय मिळणार?

आम्हीही इथे घराच्या कर्जापायी त्याच फेऱ्यात आहोत. इकडे क्रेडिट स्कोअर देणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन: एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन. तिसरीचं मुख्यालय इथेच शिकागोत आहे, पण गाववाला म्हणून एक गुण जास्त देईल तर शपथ. माझे आकडे आले ७६८, ७४१ आणि ७१९. माणूस एकच, पगार एकच, बायकोही एकच.

आता तुम्हीच सांगा, आपली बाग खंडाने घ्यायला तीन व्यापारी आले तर तिघांचा भाव कधी एक झालाय? एक मोहर बघून खूश होऊन गेला. दुसरा आला तोवर अवकाळी पाऊस पडून गेलेला. तिसरा कातळावरच्या कलमांपर्यंत चढलाच नाही. खोटं कोणीच बोललं नाही, पण ज्याने जे पाहिलं त्यावर त्याने भाव केला. इथेही तेच. कर्जदाराची माहिती कंपन्यांना कळवायची सक्ती अमेरिकेत नाही. कळवलीत तर खरी कळवा, एवढाच कायदा. त्यामुळे कोणी तिघींना कळवतो, कोणी एकीलाच, कोणी कोणालाच नाही. शिवाय कार्डवरची उधारी बहुधा महिन्यातून एकदाच कळवतात. आम्ही मालगुंडला यायची विमानाची तिकिटं काढली आणि त्याच आठवड्यात बिल निघालं, की कागदोपत्री आम्ही कर्जात बुडालेले.

त्यावर गणिताची तऱ्हा. जुना फायको स्कोअर १९८९पासून चालत आलेला. त्यात हप्ते वेळेवर भरण्याला साधारण ३५ टक्के वजन आणि उधारी किती आहे त्याला ३०. मग २००६ साली या तिन्ही कंपन्यांनी मिळून व्हँटेजस्कोअर काढला. फायकोच्याही आवृत्त्या अनेक, गाडीच्या कर्जाची वेगळी. म्हणजे मी गाडी घेताना एक माणूस आणि घर घेताना दुसरा.

नावाचा घोळ तर विचारूच नका. कुठे तुमचं नाव मधे घालून लिहिलंय, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे तेही नाही. अशाने एकाच्या दोन फाइली होतात. आपल्या गावचे केशवसुत इकडे असते तर कृष्णाजी केशव दामल्यांच्या नावावर कर्ज आणि केशवसुतांच्या नावावर फेड, असं निघालं असतं.

घराला कर्ज देणारे यावर तोडगा काढतात: तिन्हींतला मधला आकडा धरायचा. नवरा-बायको दोघं असतील तर पुष्कळ ठिकाणी दोघांच्या मधल्या आकड्यांतला कमी असेल तो. तो माझा निघाला. आई, हे तुला आवर्जून कळवायला तुझ्या सूनबाईनेच सांगितलंय.

आणि हसू नका, नाना, आपल्याकडे तर चार कंपन्या आहेत. सिबिल हे त्यांतल्या एकीचंच नाव. शिवाय एक्स्पीरियन, एक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना चौघींचं सभासद व्हायला लावलंय, आणि १ जानेवारी २०२५पासून निदान दर पंधरवड्याला माहिती द्यायला लावली. तरी गणित प्रत्येकीचं आपापलं. दादाचं अॅप एकीचा आकडा दाखवत असेल, साहेब दुसरीचा बघत असेल. दादाने चौघींकडून वर्षातून एकदा मिळणारा फुकट अहवाल मागवावा, आणि आकडा राहू दे, आतल्या नोंदी वाचाव्यात. फेडलेलं स्कूटरचं कर्ज कुठे अजून चालू दिसतंय का ते आधी बघा.

तुमचा स्वतःचा आकडा मात्र शोधू नका. जन्मात कर्ज न काढल्याचा तुम्हाला अभिमान. पण त्यामुळेच या चौघींना तुम्ही ठाऊकच नाही.

चूक सापडली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे वाचून तुम्ही आजच दादाचे कागद उपसायला बसणार, हे मला ठाऊक आहे. वहिनीला म्हणावं, आधी नानांचा चष्मा शोधून दे.

तुमचा,
धाकटा