रोज एक

आमच्या बागेतल्या बाकावर सकाळी परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वातावरण असतं. 'तुमचं डी किती आलं?' कुणी 'अकरा' म्हणालं की हळहळ, कुणी 'बावन्न' म्हणालं की किंचित संशय, 'सॅशे घेत असाल!' मग साठ हजार युनिटची ती आठवड्याची पुडी दुधातून घ्यावी की ताकातून, यावर खल होतो. बाक करंजाच्या सावलीत आहे. ऊन हातभर अंतरावर, फरसबंदीवर फुकट पसरलेलं असतं आणि ते पुढं सरकू लागलं की आम्ही सगळे शिस्तीत आत सरकतो.

शाळेत ही जीवनसत्त्वांची मंडळी अ, ब, क, ड अशी ओळीनं भेटली होती. अ नसला की रातांधळेपणा, ब नसला की बेरीबेरी, क नसला की स्कर्व्ही, ड नसला की मुडदूस. बेरीबेरी हे मला बरीच वर्षं एखाद्या फळाचं नाव वाटे, आणि गाडीवर मिळालं तर खाऊन बघावं असंही. घरी मात्र या चौघांचं नाव कुणी काढत नसे. थंडी पडली की आजी तुपात डिंक तळायला घ्यायची. खड्याएवढा डिंक कढईत लाहीसारखा फुलायचा, खारीक-खोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत यायचा, आणि सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाच्या तळहातावर एकेक लाडू ठेवला जायचा. मला त्याची गरज आहे का, असं कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. आपल्या प्रकृतीची काळजी दुसऱ्या कुणाच्या तरी पदरी बांधलेली असणं, हे सुख तेव्हा सुख म्हणून कळत नाही.

आता औषधाच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून आपलं आपणच ठरवायचं. केसांसाठी बायोटिन, सांध्यांसाठी माशाचं तेल, आणि 'एकंदरीत' या अवयवासाठी मल्टिव्हिटॅमिन. डब्यावर बारीक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापलेलं असतं, आणि ते वाचायला लागणारा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. विद्वानांना विचारावं, तर त्यांचंही एकमत नाही. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली, तीही कुणाशी वाटून न घेता. या थोर माणसानं 1970 साली सर्दीवर क जीवनसत्त्वाचा उतारा सांगणारं पुस्तक लिहिलं आणि स्वतः ते मूठमूठभर घेतलं. सर्दी काही जगातून गेली नाही. पॉलिंग मात्र 93 वर्षं जगले, त्यामुळं त्यांच्याशी वाद घालणंही जड जातं. ते वारले 1994 साली. त्याच वर्षी फिनलंडमधल्या एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यांच्यातल्या ज्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो 18 टक्क्यांनी जास्तच निघाला. गाजर निर्दोष सुटलं. गाजराचा अर्क पकडला गेला. आणि बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडेच फिरवू शकतं, थायरॉइडचे धरून. म्हणजे केस वाचवायला जावं आणि गळा नाहक संशयात यावा!

माझ्यापुरता एक भाग सोपा आहे. मी शाकाहारी, बी-बारा तपासात कमी निघालं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती मी घेतो. त्यात चिंतन नाही. चिंतन आहे ते कपाटातल्या त्या मोठ्या बाटलीत. भाची न्यू जर्सीला असते. दर खेपेला बदाम, चॉकलेटं आणि बरणीएवढी मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणते. डॉक्टरांना ती दाखवली. त्यांनी बाटली फिरवून मागचा तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, 'घेतलीत तर बिघडणार नाही, नाही घेतलीत तर अडणार नाही.' शास्त्राच्या दृष्टीनं इथं विषय संपला. पण एवढी वजनदार बाटली सामानाच्या वजनात बसावी म्हणून त्या पोरीनं स्वतःचं काय काय मागं ठेवलं असेल, ते त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात धरायचं? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती विचारते, 'मामा, गोळ्या घेतोस ना?' मी म्हणतो, 'घेतो की. रोज एक.' आणि फोन ठेवल्यावर, निदान त्या दिवशीपुरतं तरी ते खरं असावं म्हणून, एक घेतो.

यंदा थंडीत तिच्याकडं जाणारं एक माणूस मिळालं. बायकोनं आजीच्याच मापानं डिंकाचे लाडू केले, मी ते एकेक कागदात गुंडाळून डब्यात भरले. परवाच्या रविवारी आधी मीच विचारलं, 'लाडू खातेस ना गं?'

'खाते ना मामा,' ती चटकन म्हणाली. 'रोज एक.'

तो सूर मी चांगला ओळखतो.