लटकायचं, पण आरामात!

काय सांगू तुम्हाला! तिकडे अमेरिकेत, मिशिगनपासून जॉर्जियापर्यंत, चांगली घरंदारं असलेली माणसं भल्या पहाटे हरणाच्या शिकारीला रानात जातात आणि पंधरा-वीस फुटांवर स्वतःला झाडाला टांगून घेतात. बरं, टांगून घ्या बापडे. पण भांडतात कशावरून? तर बुडाखालची झोळी, म्हणजे सॅडल, कुणाची जास्त सुखाची! शिव शिव!

त्यातही हे साधे शिकारी नव्हेत, परंपरावाले. हॉलिस ॲलन यांना 1969 मध्ये पेटंट मिळालेलं चाकांचं कंपाऊंड धनुष्य यांना विटाळ. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार हलका होतो म्हणे. मग त्यात कसब ते काय राहिलं? यांना हवा लॉंगबो, नाहीतर फ्रेड बेअर या अमेरिकी धनुष्यकाराच्या वळणाचा रिकर्व्ह. तोही तीन बोटांनी ओढायचा. एवढं वैराग्य अंगी बाणवलं, पण विषय कमरेखाली आला की लगेच पॅडिंग, बॅकबँड आणि गुडघ्यांना नी-पॅड!

हे सॅडल म्हणजे कमरेमागून मांड्यांखाली जाणारा रुंद पट्टा. त्याच्या दोन बाजूंना जोडणारा दोर म्हणजे ब्रिज. तो खोडाला बांधलेल्या दोराला, म्हणजे टेदरला, अडकवायचा, पाय इवल्याशा फळीवर रोवायचे आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. मिशिगनचे शिकारी जॉन एबरहार्ट कितीतरी दशकं असेच लटकताहेत. तेव्हा कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता कंपन्या उभ्या राहिल्या, नवनवी मॉडेलं आली आणि जो तो लटकू लागला. पाठीवरून लोखंडी मचाण वाहण्यापेक्षा हे हलकं, हे मात्र खरं.

आता नावं ठेवून झाली, तर खरं बोलते. यांची कुरकुर अगदीच पोकळ नाही. परंपरेचं धनुष्य घेतलं की हरीण वीसेक यार्डांच्या आत येईपर्यंत दम धरावा लागतो. तोवर कमरेला कळ लागून माणूस चुळबुळला की हरीण पसार. आराम इथे चैनीचा नाही, कामाचा.

आणि हा आराम नुसत्या पैशांनी मिळत नाही बरं! कमरेची हाडं दोन्हीकडून आवळली जातात, ही सगळ्यांची मुख्य तक्रार. त्यावर लोक दुसरं महागडं सॅडल घेतात. आधी ब्रिज थोडा लांब करून पाहायला काय जातं? पट्टा बोटभर खाली सरकवावा, टेदर वर-खाली करावा. बसायचं तर टेदर जरा उंच, रेलायचं तर खाली. दोन पट्ट्यांच्या सॅडलमध्ये भार पाठ आणि मांड्या वाटून घेतात, म्हणून लांब बैठकीला ते बरं. एकपट्टी हलकं आणि कमी भानगडीचं.

परंपरावाल्यांची खरी पंचाईत वेगळीच. त्यांचं धनुष्य पाच-साडेपाच फुटांचं. त्याचं खालचं टोक कधी मांडीला लागतं, कधी ब्रिजला, कधी फळीला. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या उजवीकडे हरीण आलं की बघायलाच नको: फळीवर अंग वळवा, धनुष्य तिरकं धरा, दोर चुकवा, आणि हे सगळं चूं न करता! म्हणून लटकणाऱ्यांत बुटक्या धनुष्याला मान. ते पण फार बुटकं नको, नाहीतर दोरी बोटांना चिमटते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे हा शौक मुळातच बाद, ते उत्तमच. पण न्यू जर्सीतला तुमचा भाचा या नादाला लागलाच असेल, तर त्याला फोन करून एवढं सांगा: सॅडल घेण्याआधी, जमिनीपासून हातभर उंचीवर, धनुष्य हातात घेऊन दोन तास लटकून बघ बाबा. चारी दिशांना ओढून बघ. आणि खऱ्या झाडावर चढशील तेव्हा पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोर कमरेपासून सोडू नकोस.