बेसूर वाजू द्या

पडेगावच्या कुठल्याही सोसायटीचा जिना संध्याकाळी सात वाजता चढून बघा. मालिकांचे संवाद ऐकू येतील, कुकरच्या शिट्ट्या येतील, दौलताबादकडे निघालेल्या ट्रकचे हॉर्न येतील. पेटीचा सा येतो का? तबल्याचा धा?

नाही येत. पण आत एखाद्या खोलीत एक पोर 'पियानो' वाजवत बसलेलं असतं. कानात हेडफोन, बोटं मोबाइलच्या काचेवर. आईवडील समाधानी असतात, कारण पोरगं शांत आहे.

काळजी तिथेच करायला हवी. वाद्य शिकणारं पोर शांत नसतं.

हे पियानोचे खेळ चालतात कसे, ते एकदा पोराशेजारी बसून बघाच. 2014 मध्ये 'पियानो टाइल्स' आला आणि मग त्याच्या नकलांची रांग लागली. पडद्यावर चार उभ्या पट्ट्या. वरून काळ्या फरशा घसरत येतात. फरशी खाली पोचायच्या आत तिच्यावर बोट टेकवायचं, की गाण्यातला पुढचा सूर वाजतो. डावीकडची फरशी असो की उजवीकडची, वाजणार तोच, जो आधीच भरून ठेवलेला आहे. पेटीवर डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तारसप्तक. इथे डाव्या-उजव्याला काही अर्थच नाही.

मग पोराने वाजवलं काय? फरशी.

हा प्रकार मोबाइलने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेत 2005 साली 'गिटार हीरो' आला. प्लॅस्टिकची गिटार, तिच्या मानेवर पाच रंगीत बटणं, तारांच्या जागी एक खालीवर होणारी पट्टी. पडद्यावर ज्या रंगाचा ठिपका येईल त्या रंगाचं बटण धरायचं आणि पट्टी हलवायची. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेल्याचं ॲक्टिव्हिजन कंपनीने 2009 मध्ये जाहीर केलं. आणि 2011 च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने हा सगळा धंदा गुंडाळला.

सहा वर्षांत गिटार अडगळीत. लाकडाची असती तर एव्हाना मुरली असती.

हा खेळ बनवला 'हार्मोनिक्स' कंपनीने. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा तिच्या दोन संस्थापकांचा हेतू होता. हेतू चांगलाच. त्या दोघांपैकी एक, एरन एगोझी, क्लॅरिनेट वाजवतात. खरी क्लॅरिनेट, श्वास भरून, ओठ आवळून. त्यांचं संगीत बटणांवर भागलं नाही. आपल्या पोरांचं कसं भागेल?

या खेळातली मेख आता बघा. चुकीचं बटण दाबलं की 'खट्ट' होतं आणि गिटार मुकी होते. बाकीचा बँड वाजतच राहतो. गिटारवर चुकीचा सूर काढायची सोयच तिथे ठेवलेली नाही.

खऱ्या तारेवर चुकलं की चूक वाजते. खणखणीत वाजते. वाजवणाऱ्याला ऐकू येते, स्वयंपाकघरातल्या आईला ऐकू येते, समोरच्या काकूंना ऐकू येते. ती कानाला टोचते, म्हणून पुढच्या खेपेला बोट कणभर सरकतं. परत टोचते, परत सरकतं. महिनाभराने बोट जागेवर पडतं आणि कुणी न सांगता पोराला कळतं, की आता लागला.

शिकणं म्हणजे एवढंच असतं. टोचणं आणि सरकणं.

खेळाने टोचणारा सूरच काढून घेतला. मग उरलं काय? पडद्यावरचे गुण.

खेळात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. 2007 च्या 'रॉक बँड'मध्ये ड्रमसाठी चार पॅड आणि एक पायपट्टी होती. त्या खेळाची अवघड पातळी गाठणाऱ्याचे हात आणि पाय खरोखरच वेगवेगळे चालायला लागतात, आणि ते खऱ्या ड्रमवर कामाला येतं. 2011 मध्ये 'रॉकस्मिथ' आला, त्यात तर अस्सल गिटारच वायरीने जोडावी लागते. म्हणजे खेळाला शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यालाही बटणं टाकून तारांकडे यावं लागलं.

बाकीचा कारभार विहिरीच्या काठावर उभं राहून हात मारण्याचा. दमायला होतं, पोहणं येत नाही.

आता पडेगावातून गाडी काढा आणि दौलताबादचा रस्ता धरा. मिटमिटा मागे टाकलं की थोड्याच वेळात देवगिरीचा डोंगर दिसतो. पर्यटक पायऱ्या मोजतात, तोफेबरोबर फोटो काढतात. या गडाखालच्या राजधानीत तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचा माणूस यादवराजा सिंघणाच्या पदरी होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी असो की कर्नाटक, दोन्ही परंपरा ज्याला आधार मानतात तो ग्रंथ आपल्या घरापासून दहाएक किलोमीटरवर तयार झाला. किती पोरांना हे शाळेत सांगितलं जातं?

या शार्ङ्गदेवाची नोकरी माहीत आहे? राज्याचे हिशेब बघण्याची. 'अभ्यासातून वेळ कुठे मिळतो हो' म्हणणाऱ्या तमाम पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

त्याने ग्रंथात एक प्रयोग सांगितला आहे. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायच्या. एक जशीच्या तशी ठेवायची, दुसरीच्या तारा पायरी-पायरीने उतरवायच्या आणि दोन्ही ताडून बघायच्या. एका सप्तकातल्या बावीस श्रुती कानाने पकडायच्या. त्याच ग्रंथात गाणाऱ्याचे पंचवीस दोष नावानिशी दिले आहेत. चूक झाली, एवढ्यावर तो थांबला नाही. ती कोणती, हे त्याला सांगावंसं वाटलं.

खेळाला चूक एकच माहीत आहे. हुकलं.

देवगिरीचीच आणखी एक गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते, ती गोपाल नायकाची. आख्यायिका अशी, की दिल्लीच्या दरबारात तो सहा दिवस गायला, तेव्हा अमीर खुसरो सिंहासनाखाली लपून ऐकत होता, आणि सातव्या दिवशी त्याने ते सगळं गाऊन दाखवलं. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. मला त्यातली स्पर्धा महत्त्वाची वाटत नाही, लपून बसण्याची जागा महत्त्वाची वाटते. तिथे डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कामाला होते फक्त कान.

खेळात सगळं उलटं. डोळा पुढे, कान मागे. आवाज बंद करूनही पोरं हे खेळ खेळतात, आणि पातळ्या ओलांडतात. आवाज बंद करून संगीत जमतंय, यातच सगळं आलं.

आता तबल्याच्या क्लासला चला. पहिल्या दिवशी सर तबल्याला हात लावू देत नाहीत. धा धिं धिं धा, आधी तोंडाने म्हणायचं. हाताने टाळी, खाली. बोल जिभेवर बसला की मग बोटांकडे. 'ना' किनारीवर, 'तिं' शाईच्या अलीकडे, आणि सुरुवातीला दोन्ही एकसारखेच वाजतात. डाव्या हाताने डग्ग्यावर मनगट घासून घुमारा काढायचा, तर फट्ट असा आवाज येतो. आठवडे जातात. मग कधीतरी 'धा' म्हणजे धा वाजतो. त्याच्याही आधी तबला लावायचा असतो. काळी चार म्हणजे काळी चारलाच, गट्ट्यांवर हातोडी मारून, कान देऊन. नुसतं तबला लावणं धड यायला वर्षं जातात.

कुठल्या खेळात वाद्य लावायची पातळी असते?

सतारीचं तर आणखी कठीण. तार बोटाला कापते, मग घट्टा पडतो. आणि मींड घ्यायची म्हणजे एकाच पडद्यावर तार बाजूला ओढायची, की सूर चढत चढत पुढच्या सुरांवर जातो. कुठे थांबायचं याची खूण पडद्यावर नसते. कानात असते. पाच रंगीत बटणांत ही मींड बसवायची कशी? हिरव्या आणि लाल बटणाच्या मध्ये काहीच नसतं. आपलं संगीत नेमकं त्या मधल्या जागेत राहतं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या झाल्या, अभिमान वाटला. मानांकनाने सतार वाजत नाही. तिला बोटं लागतात.

आणि साथ? खेळातलं गाणं कुणासाठी थांबत नाही, कुणाचं ऐकत नाही. माणसांबरोबर वाजवताना थांबावं लागतं. गायकाने आलाप लांबवला की तबलजी ठेका धरून वाट बघतो आणि समेवर दोघे भेटतात. हरिनाम सप्ताहात सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात टाळ देतात आणि मागच्या रांगेत उभं करतात. कुणी गुण देत नाही. शेजारच्याचं बघत, ऐकत, चुकत ते पोर लयीत येतं. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आजही खेड्यापाड्यांतली पोरं आळंदीला राहून मृदंग शिकतात, आणि गावाकडे परतून भजनाला उभी राहतात. त्यांच्याकडेही मोबाइल असतो. मृदंग सुटत नाही, कारण वाट बघणारं भजन असतं.

शहरातल्या पोराची वाट कोण बघतं?

इथे खेळ बनवणाऱ्यांना बाजूला ठेवू आणि आपल्याकडे वळू. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगली योजना. पण क्लासमध्ये चौकशीला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न काय असतो? 'किती परीक्षा झाल्या की गुण मिळतात?' पोराला तबला आवडतो का, हा प्रश्न कितव्या नंबरला येतो?

येतच नाही.

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. वर्षाला एक पातळी. ठरलेले तीन कायदे घोटून घ्या, परीक्षकासमोर वाजवा, प्रमाणपत्र लॅमिनेट करा. दहावी झाली, तबला माळ्यावर. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत दरबारातून आणि कोठीतून सामान्य माणसाच्या घरात यावं म्हणून. परीक्षा हा त्या घरापर्यंतचा रस्ता होता. आपण रस्त्यावरच्या टोलची पावती जपून ठेवली आणि घरी गेलोच नाही.

तेव्हा पोर मोबाइलवर गुण मोजतंय, याचा राग कुणावर काढणार? गुण मोजायला आपणच शिकवलं.

आणि या सगळ्याच्या तळाशी जे आहे ते बोलूनच टाकतो. आपल्याला पोराचं बेसूर वाजवणं सहन होत नाही. पहिले सहा महिने पेटी कण्हते, बासरीतून नुसती हवा येते, व्हायोलिन तर किंचाळतं. घरात कुणाची तरी मीटिंग चालू असते, आजींचं डोकं दुखत असतं. भिंती पातळ. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच संदेश येतो, 'कृपया आवाज कमी करावा'. तिसऱ्यांदा आला की तबला बंद होतो आणि पोराच्या हाती मोबाइल येतो. हेडफोनसकट.

हीच सोसायटी लग्नसराईत डीजेच्या भिंती रात्री उशिरापर्यंत सोसते. खिडक्या थरथरतात, ग्रुपवर एक अक्षर येत नाही. शंभर माणसांना नाचवणारा आवाज चालतो आणि एका पोराला घडवणारा आवाज खुपतो. हे मला पटत नाही, पटणारही नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. उरलेला दिवस आपलाच आहे ना? त्यातले दोन तास मागू या. सोसायटीच्या येत्या सभेत पाण्याच्या टँकरचा आणि पार्किंगचा विषय असेलच. त्याच्याखाली एक ओळ वाढवा: रोज संध्याकाळी सहा ते आठ, रियाजाची वेळ, तक्रार घेतली जाणार नाही. गच्चीवरची किंवा तळमजल्यावरची एक रिकामी खोली त्यासाठी उघडी ठेवा. ज्यांच्या घरी माळ्यावर पेटी पडून आहे त्यांनी ती खाली काढून तिथे आणून ठेवावी. भात्याला भोकं पडली असतील तर शहरात दुरुस्ती करणारे अजून आहेत, आणि त्यांनाही काम हवं आहे.

आणि पोराचा पहिला 'धा' फट्ट वाजेल तेव्हा आतून 'दार लाव रे' असं ओरडू नका. तेवढं जमेल?